मायच्या वाटची माफी

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मी भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात चार लोकांसमोर हमसून हमसून रडले. आमचे हे शेजारच्या खुर्चीवर होते. म्हणाले, "अवो, नाही म्हनून राहिले ना ते. मंग काहून रडून राहिली?" यांना काय सांगू! दीड वर्ष मी मनातल्या मनात मरून बसले होते.

डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढून दाखवली. म्हणाले, याला अकॅलेशिया म्हणतात. म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला जी झडप असते ती घास आला तरी उघडत नाही. अन्न वरच तुंबून राहतं. आधी मला बेरियम नावाचं खडूच्या पाण्यासारखं औषध पाजून एक्सरे काढले होते. त्यात माझी नळी वर फुगलेली आणि खाली चिमणीच्या चोचीएवढी निमुळती दिसत होती. "नागपूरला जा. अजून दोन तपासण्या होतील, मग बहुतेक ऑपरेशन," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आवाज दिला.

मी वत्सला. चिखल्याला खाणीच्या कॉलनीत राहते. हे मॅंगनीजच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते, आता निवृत्त झालेत. माझं माहेर करडीचं, धानाची शेती. भातावर वाढलेलं हे अंग, आणि सगळ्यात आधी मला भातच जाईनासा झाला.

सुरुवात साधीच होती. घास छातीत अडकायचा. मी उभी राहून, छाती ताणून, वरून तांब्याभर पाणी प्यायचे, तेव्हा कुठं तो उतरायचा. लोकांसमोर हे करायची लाज वाटायची म्हणून लग्नकार्यात जेवणंच सोडलं. मग पेज अडकायला लागली. मग पाणी. आडवी झाले की खाल्लेलं तोंडात परत यायचं. अठ्ठावन्न किलोची मी त्रेचाळीसवर आले. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, "वत्सलाबाई, कोनतं डायटिंग करून राहिल्या, आमालेबी सांगा नं!" मी हसायचे आणि गॅसच्या गोळ्या खायचे. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, घास आणि पाणी दोन्ही अडकत असतील तर गॅसच्या गोळीत दिवस काढू नका. एंडोस्कोपी करून घ्या. मी शहाणपणा केला आणि पंधरा किलो घालवले.

पण माझं खरं दुखणं याहून जुनं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी आणि मी बाप्तिस्मा घेतला. आम्हाला कुणी फसवलं नाही, कुणी काही दिलं नाही. दुःखात होतो, येशू भेटला, त्याचा हात धरला, एवढंच. माहेरी मात्र आभाळ कोसळलं. बाबा आधीच गेलेले. माय होती आणि धाकटा भाऊ शालिक. पुढच्या हिवाळ्यात माय गेली आणि शालिकनं मला कळवलंच नाही. चौथ्या दिवशी तुमसरच्या बाजारात करडीची एक बाई भेटली, तिनं मला विचारलं, "मायच्या मातीले काहून नाही आली वो?" मी तिथंच वांग्याच्या ढिगाऱ्याशेजारी खाली बसले.

सख्ख्या भावानं मायचं तोंड पाहू दिलं नाही! त्या दिवसापासून मी त्याचं नाव टाकलं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, प्रभूनं आपल्यासाठी दिलेल्या शरीराची आणि रक्ताची आठवण. मनात कुणाबद्दल अढी ठेवून त्या मेजाजवळ यायचं नसतं, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. पास्टर म्हणायचे, "ताई, अढी सोडा आणि या." मी उलटं केलं. अढी ठेवली आणि मेज सोडलं. आठ वर्षं. तबक आलं की पुढं सरकवायचे. कोणी विचारलं तर मान वर करून सांगायचे, भाऊ येऊन माफी मागत नाही तोवर मी घेणार नाही. बायांना वाटायचं, केवढी प्रामाणिक बाई!

आजारपणात काय झालं कोण जाणे, मला त्या तुकड्याची ओढ लागली. पुरणपोळीची नाही, मटणाची नाही, त्या बोटभर भाकरीची. तबक समोरून जायचं आणि माझ्या डोळ्यांना धार लागायची. एका रविवारी हात पुढं केलासुद्धा. मग भीती वाटली, हा तुकडा अडकला आणि उलटून आला तर? प्रभूची भाकरी मोरीत थुंकायची? हात मागं घेतला. हवं नव्हतं तेव्हा गिळता येत होतं, हवं झालं तेव्हा गळ्याखाली काही जाईना.

नागपूरला जायच्या आधी पास्टर घरी आले. म्हणाले, "ताई, कधी कधी मनाचीही झडप बंद..." मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "पास्टर, उपदेश रविवारी द्या. आज मले पानीबी जाऊन नाही राहिलं." ते हसले. मग हळूच म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी प्रभुभोजन इथं आणून देतो. घोटभर रस तर जाईल?"

"शालिकला माफ केल्याशिवाय कशी घेऊ?"

"मग करा की माफ."

"होत नाही ना!" मी ओरडलेच त्यांच्यावर. बिचारे प्रार्थना करून गेले.

नागपूरला पहिल्या दिवशी एंडोस्कोपी झाली. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतलं बघतात. घशात फवारा मारून तो बधिर करतात, त्यामुळं दुखत नाही, पण जीव घाबरा होतो. दुसऱ्या दिवशी मॅनोमेट्री. यात नाकातून बारीक नळी घालतात, चमच्या चमच्यानं पाणी गिळायला लावतात आणि झडपेचा दाब मशीनवर मोजतात. नाकात नळी आणि वर "गिळा, आजी, गिळा" म्हणायचं. अहो, गिळता आलं असतं तर आले कशाला असते! पण मशीनवरची ती मुलगी चांगली होती, माझा हात धरून बसली.

सर्जन बाई होत्या, तरण्या. म्हणाल्या, "हेलर मायोटॉमी करू. झडप आवळून धरणारा स्नायू बाहेरच्या बाजूनं चिरून सैल करायचा. पोटावर पाच बारकी छिद्रं. बरं वाटेल तुम्हाला, पण स्नायूतली जुनी ताकद परत येत नाही. जन्मभर सावकाश, बारीक चावूनच खायचं." तोवर दोन दिवस फक्त पाण्यासारखं पातळ.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली आणि वॉर्डाच्या दारात शालिक उभा दिसला. ह्यांनी मला न विचारता फोन केला होता. आठ वर्षांत पोरगा म्हातारा दिसायला लागला होता. मी भिंतीकडं तोंड केलं.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "बाई, तब्येत कशी हाये?"

"माय मेली तवा नाही आठवली बाई?" मी भिंतीलाच म्हटलं.

"आठवली. म्हनूनच नाही बोलावलं." त्याचा आवाज शांत होता. "तू आली असतीस अन् तिच्या तोंडात पानी टाकाले नाही म्हनली असतीस तं? मले ते पाहवलं नसतं. पोळ्याचा डबा पाहून झाला होता माझा."

डब्याचं आता सांगावंच लागेल. बाप्तिस्म्यानंतरचा पहिला पोळा. मायनं गावच्या एका माणसाच्या हाती एसटीनं पुरणपोळ्यांचा डबा पाठवला. मी तो न उघडता त्याच माणसाकडं परत दिला. म्हटलं, नैवेद्य दाखवलेलं आम्ही खात नाही. हे मला पास्टरांनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. नवा विश्वास होता, मीच जास्तीची शहाणी. वर मी मंडळीत उभी राहून त्याची साक्ष दिली, की मायचं प्रेम बाजूला ठेवलं पण देवाशी एकनिष्ठ राहिले. लोक आमेन म्हणाले. त्यानंतर करडीला दोनदा गेले, दोन्ही वेळा चहा घेऊन निघाले. माय डब्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, विसरली.

शालिक म्हणाला, "तो नैवेद्याचा नव्हता, बाई. मायनं नैवेद्य दाखवाच्या आधी तुह्यासाठी काढून ठेवला होता. उभ्या जन्मात तिनं देवाच्या आधी कोनाले वाढलं होतं का? आमाले पोळीले हात लावू देत नव्हती. त्या दिवशी म्हने, वत्सलाले आता चालत नाही, तिच्यासाठी आधी काढा लागते. देव समजून घेईल म्हने. अन् तू तो उघडलाबी नाही."

मी विचारलं, "मग काय केलं तिनं डब्याचं?"

"गाईले चारला. आपन नाही जेवली दोन दिवस."

पुढं तो काही बोलला असेल तर मला आठवत नाही. साडेपाचला सिस्टर सलाईन बदलायला आली, तेव्हा तो उठून गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. भूल देताना लोक देवाचं नाव घेतात. मी माय माय म्हणत होते, हे मला नंतर सिस्टरनं सांगितलं. त्यानंतरच्या दिवशी औषध पाजून पुन्हा एक्सरे काढला, आतून कुठं गळत तर नाही ना बघायला. गळत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "घ्या, दोन घोट पाणी." मी घेतलं. गेलं! न थांबता, न ताणता, सरळ गेलं. दीड वर्षानंतर. मी त्या पोरसवदा डॉक्टरचे हात डोळ्यांना लावले. ती लाजून म्हणाली, "अहो आजी, काय करताय!"

दोन आठवडे पातळ, मग पेज, मग गुरगुट्या भात. अंगात जीव आला तशी करडीची ओढ वाढत गेली. आठ वर्षं मी त्याच्या माफीची वाट बघत होते आणि कर्ज होतं माझ्याच डोक्यावर. त्यानं कळवायला हवं होतं, हे मी आजही म्हणते. मायचं तोंड पाहायचा माझा हक्क होता. पण त्याच्या चुकीच्या आड मी माझी लपवून ठेवली होती, आणि वरून तिची साक्ष देत फिरले होते.

दीड महिन्यानं आम्ही दोघं करडीला गेलो. धानाची रोवणी आटोपली होती, तळ्यापर्यंत सगळं हिरवंगार. शालिक बांधावर होता. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, ते मी प्याले. मग मी त्याच्यासमोर हात जोडले. मोठी बहीण असून जोडले. म्हटलं, "शालिक, तू मले कळवलं नाही, ते मी सोडलं. मनातून सोडलं. पन त्या डब्यासाठी मले माफ कर."

त्यानं माझे हात खाली केले. डोळे पुसले. म्हणाला, "माह्या वाटची माफी हाये, बाई. कवाच झाली. पन मायच्या वाटची मी कशी देऊ?"

आम्ही दोघं पडवीत बसून रडलो आणि मग त्याच्या बायकोनं जेवायला वाढलं. मी सावकाश, बारीक चावून, पानातलं सगळं संपवलं.

पुढचा रविवार महिन्यातला पहिला होता. प्रभुभोजनाच्या आधी मी उभी राहिले आणि नऊ वर्षांपूर्वीची साक्ष परत घेतली. डब्याची गोष्ट पूर्ण सांगितली, मायनं आधी काढून ठेवल्यासकट. म्हटलं, मी त्याला भक्ती म्हणत होते, तो माझा तोरा होता. देवाशी एकनिष्ठ राहायला मायचं मन मोडावं लागत नव्हतं. कोणी आमेन म्हणालं नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी नाक शिंकरत होती. मग तबक आलं. तुकडा घेतला, खूप वेळ चावला आणि गिळला. उतरला तो.

आता मी बरी आहे. वजन पन्नास झालंय. त्या दोन्ही डॉक्टरांची, नाकात नळी घालताना हात धरणाऱ्या त्या मुलीची, मला न विचारता फोन लावणाऱ्या ह्यांची मी ऋणी आहे. ज्यांचं कोणी रुसून बसलंय, त्यांना एवढंच सांगते, दवाखान्याची वाट बघू नका.

प्रभूनं मला माफ केलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी माय पाहिजे. तिकडं, त्याच्या घरी, ती मला भेटेल का? हे मी पास्टरांना विचारलेलं नाही. माय बाप्तिस्म्याविना गेली, म्हणून ते जे उत्तर देतील त्याची भीती वाटते. मी रोज सकाळी सरळ प्रभूलाच विचारते. तो अजून काही बोललेला नाही, पण मी विचारायचं सोडणार नाही. भेटलीच, तर माफी मी मागाहून मागीन. आधी तिच्यासमोर मांडी घालून बसीन आणि म्हणीन, माय, भूक लागली.