मशीनला नावं ठेवणारा

बैलबाजारात शहाणा माणूस एकटा बैल घ्यायला जात नाही. सोबत एक जण नेतो आणि त्याचं काम एकच असतं, बैलाला नावं ठेवणं. दात पाहिले की तो म्हणणार, वय लपवलं. चालवून दाखवला की म्हणणार, मागचा पाय ओढतो. घेणारा गप्प उभा. मग रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि भाव उतरतो. ही विद्या मी अकोल्याच्या बाजारात लहानपणीच शिकलो आणि तिच्याच जोरावर वर आलो. म्हणून सिनेमाचं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हाही सोबत माणूस नेला.

तो ऑपरेटर होता. एका फिरत्या टॉकीजमध्ये आम्ही दोघांनी आठ वर्षं काढली. मी टांग्यात बसून भोंग्यावर जाहिरात ओरडायचो आणि तंबूच्या दारावर गर्दी आवरायचो. तो मशीन चालवायचा. ज्वारीची भाकर आणि ठेचा एका फडक्यावर खाल्ला. आपला स्वतःचा तंबू टाकायचा, हे मनातलं मी सगळ्यात आधी त्याला सांगितलं. बायकोला नंतर.

अकोल्याच्या जठारपेठेत एका दुकानदाराकडे जुनं मशीन विकायला होतं. जाताना मी त्याला बजावलं, "पाह्य, जे सापडल त्याले नाव ठेवजो. खरं-खोटं नको पाहू."

त्यानं ते काम असं केलं की बैलबाजारातले दलाल पाणी भरतील. "शेठ, काचेवर बुरशी हाय. पट्टा शिळा हाय. झडप वाजते." मग त्यानं मशीनच्या बगलेला कान लावला, हातानं चाक फिरवलं. "अन् या क्रॉसमधी जान नाही. जाड वंगण भरून आवाज दाबला तुमी."

क्रॉस म्हणजे मशीनचं काळीज. फिल्म दिव्यासमोरून सरळ वाहत नाही. एकेक चित्र क्षणभर थांबवून पुढं ढकलावं लागतं, ते काम चार पाकळ्यांचं एक लोखंडी चक्र करतं, तो क्रॉस.

मी मनात खूश झालो. काच तर रुमालानं पुसताच लख्ख झाली होती. पट्टा नवा होता, ते मलाही दिसत होतं. म्हणजे क्रॉसचंही तसंच. दुकानदाराचा चेहरा उतरला, आणि तो भाव उतरवणार असं दिसताच मी शेवटचं पान टाकलं. "शेठ, तुमी याचं काय आयकता? याले काय समजते मशीनमधलं! तुमी माह्याशी बोला."

दुकानदार हसला. सौदा झाला. ऑपरेटर टोपी झटकून बाहेर जाऊन उभा राहिला. अमरावतीला घरी परतताना तो गाडीत माझ्यापासून दूर जाऊन बसला. मला वाटलं, दमला असेल.

घरी अंगणात चादर बांधून मशीन लावलं. मी विचारलं, "कसं चालते?"

"एक रीळ तं चालते," तो म्हणाला.

पहिला मुक्काम मी रिद्धपूरच्या यात्रेचा धरला. समोरच आमच्या जुन्या मालकाचा तंबू होता. यात्रेत एक नियम असतो: पहिल्या दिवशी ज्याचा तंबू भरला, सगळी यात्रा त्याची. मालकानं येऊन टोमणाही मारला, "काय भोंगेवाले, तंबू टाकला म्हणे!" मी भोंगा घेऊन असा ओरडलो की दिवेलागणीलाच माझा तंबू भरून कनाती फुगल्या.

पौराणिक चित्रपट होता. पहिलं रीळ झकास गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर देवानं बोटावर चक्र उचललं आणि देव तसाच थांबला. मग त्याच्या छातीत तपकिरी डाग पडला आणि निखाऱ्यावरच्या पापडासारखा पसरत गेला. ऑपरेटरनं दिव्यापुढची झडप पाडली. फिल्म जळाली होती.

"जोड खराब असन," मी म्हणालो. त्यानं जळका तुकडा कापून फिल्म जोडली. थोडी चालली, पुन्हा थांबली. "खिडकी साफ कर." फिल्म जिथून दिव्यासमोर येते ती खिडकी त्यानं पुसली. "पट्टा ताण." ताणला. "इंजिनचा वेग पाह्य." तंबूमागचं वीज करणारं इंजिनही तो पाहून आला. मी सांगेन ते तो मुकाट्यानं करत होता. मशीन थंड झालं की चालायचं, तापलं की देव उभा. लोकांनी आधी गंमत केली.

"चक्र सोड ना बाप्पा, काहून थांबून राहिला?"

"त्याचा हात दुखला असन बे!"

मग कोणी गंमत करेना. कनात उचलून लोक समोरच्या तंबूत जाऊ लागले. माझं ओरडणं त्यांच्या पाठीवर पडत राहिलं.

तंबू रिकामा झाल्यावर त्यानं न सांगता बगलेची डबी खोलली. वंगण पातळ होऊन निथळत होतं. क्रॉस काढून त्यानं रुमालावर ठेवला. पाकळ्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या.

"क्रॉस गेला. जठारपेठेत सांगतलं होतं."

"जठारपेठेत तं तू पट्टाही गेला म्हणला होता!"

"तूच म्हणला, जे सापडल त्याले नाव ठेव."

"मंग त्यातलं खरं कोणतं, ते नंतर सांगाचं होतं ना बे!"

"क्रॉसचं तू इचारलं नाही." त्यानं हात पुसले. "अन् मले काय समजते मशीनमधलं?"

मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी समोरच्या तंबूत मशीनवर तोच होता.

क्रॉस घेऊन मी जठारपेठेत गेलो आणि दुकान डोक्यावर घेतलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुमच्या मानसानं माह्या तोंडावर सांगतलं होतं, क्रॉसमधी जान नाही. तुमीच म्हणले, याचं आयकू नका." आजूबाजूचे दुकानदार हसले. सौद्यात मी तेवढा एकदाच हरलो.

धंद्यातलं बोलणं धंद्यातच सोडायचं असतं. ज्यानं माझ्या फडक्यावर भाकर खाल्ली त्याला एवढं कळू नये? एक वाक्य त्यानं मनाला लावलं आणि माझा तंबू बुडू दिला. मी पुढं मंडपाचं सामान भाड्यानं देण्याचा धंदा केला, चांगला केला, पण सिनेमाचा तंबू पुन्हा टाकला नाही.

पुढं तो अमरावतीच्या एका पक्क्या थिएटरात लागला. मी एकदा तिकीट काढून तिथं बसलो. पूर्ण तीन तास चित्र अडकायची वाट पाहिली. ते अडकलं नाही, साधं थरथरलंही नाही. बाहेर येताना तो जिन्यावर विडी ओढत उभा होता. "जयभीम," तो म्हणाला. मीही जयभीम केला आणि पुढं निघालो. अंगणात चादर बांधली होती तेव्हा आम्ही दोघंच होतो, भाव पाडायला समोर दुकानदार नव्हता. तेव्हा क्रॉसबद्दल तो गप्प का राहिला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही. त्यानं आपणहून सांगावं.