खरवस आणि म्हशीचा जबडा

"आमाला सुया द्या, नायतर लिहून द्या, काय व्हनार नाय म्हनून!"

दवाखान्याच्या दारात जनार्दन ओरडत होता. मागे निम्मी आळी उभी.

ईशान, रेवा, कडावच्या ट्रस्टच्या दवाखान्यात तुमची ही आजी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोनदा डॉक्टर म्हणून जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्दी, बीपी, शुगर, असंच काम असतं. त्या सकाळी मात्र सगळ्यांची तक्रार एकच होती. खरवस खाल्ला.

झालं होतं असं. बाळारामची म्हैस व्यायली. व्यायल्यावर येणाऱ्या पहिल्या घट्ट दुधाला चीक म्हणतात. त्यात गूळ घालून वाफवला की खरवस होतो. चीक एकट्याच्या घरात ठेवायचा नाही, शेजारी वाटायचा, अशी इथली रीत. बाळारामच्या बायकोनेही खरवस करून घरोघर दिला. आठवडाभरात म्हैस चारा खाईना. लाळ गळायला लागली, आवाज घोगरा झाला, आणि ती मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी चौकशी केली, तेव्हा व्यायच्या महिनाभर आधी तिला कुत्रं चावल्याचं निघालं. त्यांना रेबीजचा दाट संशय आला. पिसाळलेल्या कुत्र्यापासून होतो तो हा रोग. माणसात लक्षणं दिसली की डॉक्टरच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून लस आधी घ्यावी लागते.

आमच्या फ्रिजमध्ये लशीच्या मोजक्याच कुप्या होत्या. मी ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"मॅडम, द्या ना सगळ्यांना एकेक. शांत होतील."

"एकाने भागत नाही, कोर्स असतो. आणि उद्या खरंच कुणाला कुत्रं चावलं तर त्याला काय देऊ?"

"मग बी-कॉम्प्लेक्स टोचा. त्यांना काय कळतंय?"

"मला कळतं ना," म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर येऊन सांगितलं, "रोग लाळेतून पसरतो. खरवस तुम्ही वाफवून खाल्लात. वाफेत हा विषाणू टिकत नाही. कच्चा चीक कोणी प्यायलं का?"

"कच्चा कोन पितंय गं बाई!" हिराकाकू म्हणाल्या. त्या बाळारामच्या शेजारीण.

जनार्दनचं समाधान होईना. "त्या बाळारामाला सगळं ठाव व्हतं. वाटून मोकळा झाला."

"वाटी चाटूनपुसून खाल्लीस रं जना, तवा नाय बोललास," हिराकाकूंनी सुनावलं. लोक हसले.

मी विचारलं, "बाळाराम कुठे आहे?"

"घरात बसलाय," हिराकाकू म्हणाल्या. " सुई घे म्हनलं तर नाय म्हनतो. त्याचं म्हननं, मीच सुई घेतली तर लोक म्हनतील, याला ठाव व्हतं. मग माजं दूध कोन घेनार?"

हे ऐकून मी थांबले. खरवसाचं मी उत्तर दिलं होतं, पण आजारी म्हशीजवळ सगळ्यात जास्त वेळ होता तो बाळाराम. या रोगात जनावराला गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. मग तो तोंडात हात घालतो.

"म्हशीच्या घशात काय अडकलंय, ते कोणी बघितलं?"

"बाळारामानं," हिराकाकू म्हणाल्या. "पार कोपरापातुर हात घातलान. आंब्याची कोय अडकली आसंल म्हनून."

"एकट्याने?"

सगळे जनार्दनकडे बघायला लागले. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"जबडा मी धरला व्हता."

त्याचे हात बघितले. गवत कापताना झालेले ओरखडे होते, आणि अंगठ्याजवळ म्हशीचा दात लागल्याची खूण.

"बाई, आता?"

"आता साबण आणि नळ. मी सांगेपर्यंत धुवायचं. मग लस. जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शन आपल्याकडे नाही, त्यासाठी सरकारी रुग्णालयात आजच जायचं. आणि बाळारामला तुमच्याहून जास्त धोका आहे. तो आला नाही तर जिवाला मुकेल."

एका पेशंटबद्दल असं चारचौघांत बोलावं का? एरवी मी बोलत नाही. पण त्याने हात घातला, हे आळीला माहीत होतंच. लस लागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. तेवढं मोठ्याने सांगणं मला भाग वाटलं. "म्हैस वाचावी म्हणून त्याने हात घातला. लस त्यासाठी लागते," मी म्हटलं.

जनार्दनने हात धुतले, सुई घेतली आणि मोटरसायकल काढली. थोड्या वेळाने मागच्या सीटवर बाळाराम होता. तो पायरीवरच अडला.

"बाई, लोक काय..."

"लोक म्हंजे मीच व्हतो रं," जनार्दन म्हणाला. "चल आत."

दोघांनी कोर्स पूर्ण केला. दोघे ठणठणीत आहेत. काही घरांनी बाळारामचं दूध बरेच दिवस बंद ठेवलं, ते मला थांबवता आलं नाही. डॉक्टरीणबाई सुया वाचवते, असंही काही जण अजून म्हणतात.

घाबरलेली माणसं दवाखान्यात आली, की काय खाल्लं ते ती आपणहून सांगतात. हात कुठे घातला, ते आपल्याला विचारावं लागतं. आणि जो सगळ्यात जास्त ओरडतो, त्याला बाहेर काढण्याआधी तपासून घ्यावं.