इटलीची पर्स आणि बिनगावाची टर्की

हा किस्सा आजवर माझी बायकोच चारचौघांत सांगत आलीय. आज म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी, निदान मीठमसाला तरी कमी पडेल. चहा घ्या आणि मध्ये हसू नका.

उल्हासनगरात माझा लेडीज पर्सचा कारखाना. सायलीला, म्हणजे माझ्या मुलीला, बदलापूरचं स्थळ आलं. मुलगा बोटीवर नोकरीला, घर बारवी धरणाच्या रस्त्याला. पोरीला तो मनापासून आवडला होता. आम्ही तिघं घर बघायला निघताना बायकोने बजावलं, "तिथे जास्त बोलू नका." आता दुकानदाराला गप्प बस म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणणंच की.

रिकाम्या हाताने कसं जायचं? कारखान्यातली एक पर्स उचलली. आकार राहावा म्हणून आत रद्दी कोंबलेली, वर सोनेरी अक्षरांत 'मेड इन इटली'. मुलाच्या आईला, सुमनताईंना दिली. म्हणालो, "खास इटलीहून मागवलीय."

तुम्ही भुवया उंचावू नका. उल्हासनगर छापलं तर गिऱ्हाईक हात लावत नाही.

अंगणात दोन टर्की फिरत होत्या. मी सहज विचारलं, "हे पाखरू मूळचं कुठलं?" इथेच घात झाला.

मुलगा खुलला. "काका, तीच तर गंमत आहे. इंग्रज म्हणतात टर्की, म्हणजे तुर्कस्तानचं. तुर्क त्यालाच हिंदी म्हणतात. फ्रेंचांच्या नावातही हिंदुस्थानच. डच लोकांनी आपल्या कालिकतचं नाव लावलंय आणि पोर्तुगीजांनी पेरू देशाचं."

"आणि खरं कुठलं?"

"मेक्सिकोकडचं."

माझं डोकंच सणकलं. "ही काय रीत झाली? जन्म एका गावात आणि नाव भलत्याच गावाचं? कालिकतला विचारलं तरी होतं का कोणी? अरे, माल जिथला तिथलं नाव सांगायला लाज कसली वाटते? असला खोटेपणा मी धंद्यात कधी खपवून घेतला नाही."

बायकोने माझा पाय दाबला. मला वाटलं, शाबासकी देतेय. मी आणखी दहा मिनिटं युरोपला झोडपलं.

तोवर सुमनताई मोबाईल ठेवायला पर्स रिकामी करत होत्या. आतला एक कागद त्यांनी गुडघ्यावर सरळ केला.

"शेठ, इटलीत मराठी शाला हाय का?"

सायली पांढरीफटक. अक्षर तिचं होतं. माळ्यावरच्या तिच्या जुन्या वह्या मीच कारखान्यात नेल्या होत्या, रद्दी विकत कशाला घ्यायची म्हणून. चौथीतला निबंध निघाला, 'माझे बाबा'.

सुमनताईंनी मोठ्याने वाचला. "माझे बाबा उल्हासनगरला पर्स बनवतात. मग त्यावर इटली लिहितात. माझे बाबा खूप हुशार आहेत. कोणी खोटं बोललं की ते फार रागावतात."

अंगणातून टर्की तेवढी ओरडली. मी मनातल्या मनात पोरीची माफी मागितली. म्हटलं, स्थळ गेलं.

सुमनताईंनी कागद घडी करून कनवटीला खोचला. "पोरगी खरं बोलते. आपल्याला पसंत हाय. बाप कुठला का मेड असंना."

लग्न झालं. आता त्या घरात शिरलो की आतून हाक येते, "इटलीवाले व्याही आले, चहा टाका." जन्म माझा अंबरनाथचा, धंदा उल्हासनगरचा आणि नाव भलत्याच गावाचं. ही काय रीत झाली, असं म्हणायला मी तोंड उघडतो आणि बायको पाय दाबते.

ती शाबासकी नसते, हे आता कळतं मला.