लाडवाची मूठ

लेकीनं घरीच चॉकलेटचे ट्रफल करायला घेतले. मी सवयीनं मदतीला बसले आणि लाडू वळतात तसं ते मिश्रण मुठीत घट्ट दाबलं. सगळं बोटांमधून ओघळलं.

"आई, तुझे हात गरम आहेत. हे गार हातानं, हलकेच वळायचं."

याच गरम हातांसाठी दर दिवाळीला शेजारपाजाऱ्यांकडून मला बोलावणं यायचं. हात भरून यायचे, पण माझा लाडू कधी फुटला नाही.

मी नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिले. हात काही गार होईनात.

"राहू दे, तू बस जरा," लेक म्हणाली. इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी बसले, आणि हात कुठे ठेवायचे तेच कळेना.