एका हाताने उचलेल अशी मोटर
परवा कामावर नव्या यंत्राचं खोकं फोडलं आणि थर्माकोलचा नि ग्रीसचा वास आला, तसं मला भुसावळचं ते दुकान आठवलं. वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूने जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांची नाव रोज पहाटे धरणाच्या पाण्यात मीच वल्हवायचो, ते डाव्या हाताने जाळं ओढायचे, आणि मग मी वरणगावला कामावर जायचो. थकून मीच म्हटलं होतं, नावेला बॅटरीवरची मोटर घेऊ. दुकानदाराने दोन मोटरी टेबलावर मांडल्या. "आबा, दोन माणसं आणि ओलं जाळं, तर ही मोठी घ्या. वाऱ्यातही ओढेल." वडिलांनी मोठी डाव्या हाताने धरून पाहिली, ती उचलली गेली नाही. मग लहान उचलून दारापर्यंत नेली आणि परत आणून ठेवली. कपाळावर घाम आला होता. "हे द्या," ते म्हणाले, "नावेत मी एकलाच राहीन." मी विचारलं, "आणि बॅटरी?" "हलकीतली घेऊ, नावेपर्यंत तिची दुसरी खेप करीन. तू पहाटी झोपत जाय." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, नाहीतर वाईट तरी. काहीच वाटलं नाही. मी खोकं मोटरसायकलला बांधलं. पहिल्या दिवशी ते एकटे गेले तेव्हा मी अंथरुणात जागाच होतो. वडील अजूनही एकटेच जातात, आणि मला अजूनही त्याच वेळी जाग येते. मी उठत नाही, उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहतो.