समोरचीबरोबर बसलेली माझी मुलगी

समोरची बाई मला आवडत नसे, आणि आजही आवडत नाही. तिने माझं काय बिघडवलं असं कुणी विचारलं की माझ्याकडे सांगण्यासारखं ठोस काही नसतं, म्हणून राग आणखी वाढतो.

घाटकोपरला आमची तीन मजल्यांची इमारत होती. संपात नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हा मी ड्रेसपीस आणि साड्या घरातून विकायला सुरुवात केली. होलसेलवाल्यांशी भांडून भांडून माल आणायचा आणि आपल्या कपाटातून विकायचा. माझी शाळा गावात सातवीपर्यंत झाली. इंग्रजी शिकले ते गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या आणि दुकानांच्या पाट्या वाचून. मुलीला मात्र इंग्रजी शाळेत घातलं. ते माझ्या जोरावर, कुणाच्या उपकारावर नाही.

आणि ही मुलगी आठवीत गेल्यापासून रोज संध्याकाळी समोरच्या दारात. समोरचीचा नवरा ऑफिसात साहेब, मुलं शिकून बाहेरगावी. तिला रिकामा वेळ भरपूर. मग आमच्याकडे जेवताना सुरू व्हायचं, "आंटी म्हणतात भात असा मोकळा हवा." "आंटी म्हणतात, हा शब्द असा म्हणायचा नाही." मी म्हणायचे, "आंटीला सांग, एकदा माझ्यासारखं दादरच्या मार्केटात उभं राहून दाखव."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळाने ठरवलं की उखाणे पुरे झाले, आता इंग्रजी शब्दांचा खेळ घ्यायचा. ए, आर आणि टी ही तिन्ही अक्षरं ज्यात येतात असे शब्द शोधायचे. अक्षरं कुठेही, कशाही क्रमाने आली तरी चालतील. प्रत्येक बाईने एका मुलाला जोडीला घ्यायचं.

माझ्या जोडीला मुलगीच, हे मी धरूनच चालले होते. गच्चीवर चटई घालून जागासुद्धा राखली. मुलगी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, मी आंटींबरोबर बसते. त्यांनी आधी विचारलं."

"आधी? काय गो, तुका विचारूक मी अर्ज करूचो होतो?"

"असं काय करतेस? त्यांचं इथे कोणी नाही."

"माझं कोण आहे?"

ती गेली. दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. समोरचीने हिची बट कानामागे सारली, जसं काही हिला नऊ महिने तिनेच पोटात वागवलं. मी एकटीने कागद घेतला आणि रागात लिहीत सुटले. मार्केट, कार्टन, ट्रान्सपोर्ट, गारमेंट, रिटेल, रेट, गॅरंटी. एवढी वर्षं जे वाचून पोट भरलं तेच सगळं कागदावर उतरलं. वाटलं, आज हिला कळेल आपली आई कोण आहे ते.

पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका परीक्षक होत्या. त्या मोठ्याने वाचत आणि चुकीचे शब्द खोडत. माझ्या कागदावर 'आर्टसिल्क', म्हणजे नकली रेशीम, आलं आणि त्या थांबल्या.

"हे दोन शब्द आहेत हो. धरता येणार नाही."

"बाई, बाजारात एकच शब्द आहे. आर्टसिल्क द्या म्हटलं की कोणी आधी आर्ट आणि मग सिल्क देत नाही."

"ते बाजारात. इथे डिक्शनरी."

"बरं, तुमचं नको, माझं नको. अर्धा धरा."

बायका हसायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "वहिनी, वर एक ब्लाउजपीस फुकट मागा!"

मी कागद बाईंच्या हातातून काढून घेतला. "नाही ना परवडत? राहू दे." आणि जिन्याकडे चालू लागले. सावकाश, पायरीवर पाऊल टाकलं-न टाकलं असं. आतापर्यंत एकाही व्यापाऱ्याने मला दुसरी पायरी उतरू दिलेली नव्हती. शिवाय अशा वेळी मुलगी माझा पदर ओढून म्हणायची, "चल ना आई, पुढच्या दुकानात स्वस्त आहे." चिमुरडी असल्यापासून ते तिचं काम. ते ऐकलं की मागून हाक यायचीच.

दोन पायऱ्या उतरले. कोणी हाक मारली नाही. मागे पाहिलं तर मुलगी मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत होती.

हाक आली ती समोरचीची. "अहो ताई, या ना वर. बाई, देऊन टाका हो त्यांना तो शब्द."

देऊन टाका! जणू दाराशी आलेल्याला शिळी भाकरी. पण पदरात पडलेली सूट मी कधी परत केलेली नाही. वर आले, शब्द घेतला आणि बसले. पहिला नंबर त्या दोघींचाच आला. त्यांच्या कागदावर थिएटर, लिटरेचर, हार्ट असले शब्द होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "पदर का नाही ओढलास?"

"तिथे पुढचं दुकान नव्हतं, आई."

हे इतक्या हळू, इतक्या गोड आवाजात बोलली की माझं डोकंच फिरलं. हा आवाज आमच्या घरातला नव्हता. "हा आवाज कुणाचा आणलास? तोंड उघडून बोल!"

"मला लाज वाटली!" ती किंचाळली. "सगळ्या हसत होत्या! तुला प्रत्येक ठिकाणी भावच करायचा असतो! दरवेळी! माझ्याशीसुद्धा!"

कंबरेवर हात, मान पुढे, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. व्यापाऱ्यासमोर मी अशीच उभी राहते. तिने तर मला एक शब्दही मध्ये घालू दिला नाही. आमचं दार उघडंच होतं. समोरचं दार हळूच लागल्याचं मी ऐकलं.

ती रडत आत गेली. मी चहा टाकला, दोघींचा. तिच्या बोलण्याचं वाईट वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण नंतर. आधी वाटलं, हा आवाज मात्र आमच्या घरातला.