तिच्या आवाजाचा पत्ता

माझी पत्नी वेरूळला गाईड होती. शेवटच्या काही वर्षांत तिनं एक काम फार मन लावून केलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तिनं लेण्यांचं वर्णन स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि एका लहानशा वेबसाईटवर ठेवलं. कुठल्या पायरीला पाय जपायचा, कुठं अंगाला गारवा लागतो, कुठल्या लेण्यात टाळी वाजवली की काय होतं, असं सगळं. उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून मी ती वेबसाईट उघडली नव्हती. तिचा आवाज ऐकायचा धीर होत नव्हता.

हिवाळ्यात एका सोमवारी शहरातल्या अंध मुलांच्या शाळेतून फोन आला. शिक्षिका माझ्या पत्नीच्या ओळखीच्या होत्या.

"सर, शनिवारी मुलांना वेरूळला नेतेय. त्याआधी वर्गात मॅडमचं ऐकवते म्हटलं, तर साईट लागतच नाही. बंद केली का तुम्ही?"

"नाही हो. लागेल," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो, देव जाणे.

पत्नीच्या लॅपटॉपवर तिची मेल उघडीच होती. न वाचलेल्या ढिगात, वेबसाईट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली असते त्या होस्टिंग कंपनीची सूचना सापडली. आपली वेबसाईट आम्ही नव्या सर्व्हरवर हलवली आहे, जुना सर्व्हर बंद होईल, तरी डोमेनच्या ए रेकॉर्डमध्ये सोबत दिलेला नवा आकडा घालावा. हीच सूचना त्यांनी पुन्हा पुन्हा पाठवली होती. जिला पाठवली ती वाचायला नव्हती.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यामुळं प्रकार कळायला वेळ लागला नाही. पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेलं की कॅटलॉगच्या कार्डावरचा क्रमांक बदलायचा, नाहीतर पुस्तक जागेवर असूनही वाचकाला मिळत नाही. वेबसाईटचं नाव, म्हणजे डोमेन, हे झालं पुस्तकाचं नाव, आणि ए रेकॉर्डमधला आकडा म्हणजे कपाट. कार्ड बदलायचं, एवढंच काम. मला जरा हुरूपच आला.

कंपनीच्या कंट्रोल पॅनलचा पासवर्ड लॅपटॉपच्या लक्षात होता. आत गेलो आणि हुरूप संपला. एखाद्या सरकारी इमारतीत सगळ्या दारांवर पाट्या असाव्यात आणि एकाही पाटीवरून आत कोण बसतं ते कळू नये, तशी पडद्यावरच्या बटणांची ती चित्रं. भाषा बदलून मराठी केली. ती तर त्याहून अवघड निघाली. 'क्षेत्र संपादक' म्हणजे 'झोन एडिटर' हे कळायला पुन्हा इंग्रजीत जावं लागलं. ए रेकॉर्डच्या ओळीत शेवटी सेकंदांचा एक आकडा होता, पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा त्याचा, आणि त्यावर लिहिलं होतं, 'जगण्याचा कालावधी'. माझ्यासारख्या माणसाला असल्या गोष्टी दाखवू नयेत. मी तो आकडा तसाच ठेवला, जुना पत्ता खोडून नवा घातला, दोनदा ताडून पाहिला. हिरवी पट्टी आली: बदल यशस्वीरीत्या जतन झाले. खाली बारीक अक्षरांत, बदल सर्वत्र पोचण्यास दोन दिवस लागू शकतात.

मी वाट पाहिली. वाट पाहणं मला येतं. मंगळवार गेला, बुधवार मावळत आला, साईट काही उघडेना. शिक्षिकेचा पुन्हा फोन आला. मी म्हणालो, "दुरुस्तीला घेतलीय." संध्याकाळी कंपनीच्या मदत-खिडकीत चॅट सुरू केलं. पलीकडून कोणीतरी रेकॉर्ड तपासून लिहिलं, "रेकॉर्ड बरोबर आहे, सर."

"मग साईट का उघडत नाही?"

"आपल्या डोमेनचे नेमसर्व्हर आमचे नाहीत. डोमेन दुसऱ्या कंपनीकडे आहे. रेकॉर्ड तिकडे बदलावा लागेल."

"मग तुमच्याकडे बदलायची सोय कशाला ठेवलीय?"

 मग उत्तर आलं, "आपल्या संयमाबद्दल धन्यवाद."

म्हणजे तीन दिवस मी अशा कॅटलॉगमधलं कार्ड बदलून बसलो होतो, जो कॅटलॉग कोणी उघडतच नव्हतं. नोकरीत एखाद्या शिपायानं असं केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो, ते आठवत बसलो.

त्या दुसऱ्या कंपनीचं नाव चॅटवर कळलं. तिथं फोन केला. गाण्याचे सूर, मग एक मुलगी.

"ज्या ईमेलवर खातं आहे तो सांगा."

मी पत्नीचा सांगितला.

"या ईमेलवर आमच्याकडे खातं नाही, सर."

"मग कोणाच्या ईमेलवर आहे?"

"ते सांगता येणार नाही. खातेदारांना फोन करायला सांगा."

"माझी पत्नी वारली हो."

"ओह. सॉरी सर." ती म्हणाली, "मग त्यांना मेल करायला सांगा."

मी फोन ठेवला आणि देवघरासमोर उभं राहून, तिथं शोभणार नाही असं काहीतरी पुटपुटलो.

गुरुवारी सकाळी वेरूळला निघालो. साईटचा नाद सोडला होता. मुलांबरोबर फिरून सांगेल असा एखादा गाईड ठरवावा, तिच्या ओळखीचे पुष्कळ होते. पण सुट्ट्यांचे दिवस. ज्याला विचारावं त्याचा शनिवार गेलेला. एकानं तर मलाच सुचवलं, "सर, तुम्हीच सांगा ना. इतकी वर्षं मॅडमकडून ऐकलं असंल." ऐकलं होतं. पण मी सांगितलं असतं तर ते पुस्तकातलं झालं असतं.

दमून लेण्यांच्या बाहेरच्या एका दुकानात टेकलो. स्फटिक, गारगोट्या, फोडलेले रंगीत दगड विकणारं दुकान. मालक बुजुर्ग मुसलमान गृहस्थ, पत्नीचे जुने स्नेही. गाईडनं पर्यटक दुकानात आणायचे आणि दुकानदारानं विक्रीतला वाटा गाईडला द्यायचा, ही इथली रीत. ती पर्यटकांना याच दुकानात आणायची, कारण इथं रंगवलेला दगड खरा म्हणून खपवत नाहीत. वाटा मात्र तिनं कधी घेतला नाही. यावरून त्यांची कायम भांडणं.

त्यांनी चहा मागवला. मी चार दिवसांची कटकट त्यांच्यापुढं ओकलो. नेमसर्व्हर वगैरे शब्द त्यांच्या डोक्यावरून जात होते, पण वेबसाईटचं नाव ऐकल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे सर, वो नाम तो मेरे पास हैच!"

"तुमच्याकडं? कसं?"

"मॅडमचं बँकेचं कार्ड त्या कंपनीला चाललं नाय. मी म्हटलं, घ्या माझ्या मोबाईलवरून. माझ्या दुकानाच्या साईटचं नाव हाय, त्याच खात्यात घेतलं. दर साली दोन्ही नावांची मुदत संगंच वाढवतो."

"मला कधी बोलली नाही ती."

"मलाबी पैसे देऊ देत नव्हती पैल्यांदा. मी म्हटलं, बाई, तुम्ही वाटा घेत नाय, मी काय म्हणतो कधी? मग गप बसली. लई हट्टी बाई."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून मोबाईलवर ते खातं उघडलं. खाली उतरत उतरत आम्ही त्या ओळीपर्यंत पोचलो. ए, तिच्या साईटचं नाव आणि तो जुना, मेलेला आकडा. मी खिशातल्या कागदावरून नवा आकडा वाचत गेलो, ते एका बोटानं दाबत गेले. एकदा टिंब राहिलं, एकदा सगळंच पुसलं गेलं. "या अल्ला," ते म्हणाले. "दगड फोडणं सोपं हाय." यावेळी 'जगण्याचा कालावधी' मी सगळ्यात कमी करायला लावला, बदल लवकर पोचावा म्हणून.

चहा संपला. एका जोडप्यानं येऊन जांभळा स्फटिक हाताळला आणि ठेवून दिला. मी साईट उघडत राहिलो. नाही, नाही, परत नाही. मग पान आलं. तिनं निवडलेला तो फिकट पिवळा रंग, लेण्यांची यादी, प्रत्येकापुढं वाजवायचं बटण.

"लावू?" त्यांनी विचारलं.

"नको. आधी शाळेत सांगू."

शिक्षिकेला फोन केला. "उघडा बरं आता."

"वर्गातच आहे, सर. थांबा." फोन त्यांनी बहुधा टेबलावर ठेवला. खुर्च्यांचा आवाज, पोरांची कुजबूज, शिक्षिकेचं "शूऽऽ". आणि मग, रेकॉर्डिंगमधून, ती बोलायला लागली.

"हे दहावं लेणं. वर छत कमानीसारखं आहे, लाकडी असावं असं कोरलंय. मध्ये उभे राहा. आता एक टाळी वाजवा. एकच. आणि गडबड करू नका, आवाज परत येऊ द्या."

दुकानदारानं मान फिरवली आणि मांडलेले दगड उगीचच पुसायला घेतले. फोनमध्ये टाळ्या कडकडल्या, अर्थात एक नाही, चाळीसेक. तिनं मध्ये थोडी जागा सोडली होती. मग तिचा आवाज, "आला ना?"

"नाय आला, मॅडम!" वर्ग एकदम ओरडला आणि हसला.

"अरे वेड्यांनो, इथं कसा येईल?" शिक्षिका म्हणाल्या. "शनिवारी."